‘दे लिव्ह’ : अन्योक्ती आणि तिचा विपर्यास

१

जॉन कार्पेंटर या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘दे लिव्ह’ हा विज्ञानपट ४ नोव्हेंबर १९८८ रोजी प्रदर्शित झाला. त्यानंतर चारच दिवसांनी अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि रोनाल्ड रेगन यांच्या आठ वर्षांच्या राजवटीनंतर त्यांचेच उपाध्यक्ष जॉर्ज बुश निवडून आले. या सान्निध्याला चित्रपटाच्या आशयाच्या दृष्टीने अर्थ आहे. करकपात, कामगार संघटनांचे खच्चीकरण, बंद पडत चाललेले पोलाद कारखाने आणि त्याच वेळी महानगरांत उदयाला आलेला तरुण, चढत्या मिळकतीचा, चंगळवादी व्यावसायिक वर्ग, ही या चित्रपटाची भूमी आहे. १९८१ साली संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना रेगन यांनी बडतर्फ केले होते. त्या घटनेनंतरच्या अमेरिकेत श्रमिकाला स्वतःविषयी काय वाटत होते, याची नोंद या चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या तासात सापडते.

कथानक थोडक्यात असे : कामाच्या शोधात निघालेला एक बांधकाम मजूर लॉस एंजेलिसला येतो. चित्रपटात त्याला कोणी नावाने हाक मारीत नाही. श्रेयनामावलीत मात्र तो ‘नादा’ आहे आणि स्पॅनिश भाषेत या शब्दाचा अर्थ ‘काहीही नाही’ असा होतो. बेघरांच्या वसाहतीत त्याला आसरा मिळतो. समोरच्या चर्चमध्ये काहीतरी गुप्त हालचाल चालू आहे, असे त्याच्या लक्षात येते. एका रात्री पोलीस बुलडोझर घालून ती वसाहत जमीनदोस्त करतात. चर्चमधील एका खोक्यात नादाला काळे चष्मे मिळतात. चष्मा लावताच रंगीत जग कृष्णधवल होते. जाहिरात फलकांच्या जागी आज्ञा दिसू लागतात, नोटांवर ‘हा तुझा देव’ अशी अक्षरे उमटतात आणि रस्त्यावरच्या सुखवस्तू माणसांपैकी कित्येकांचे चेहरे कवट्यांसारखे भासतात. ते परग्रहवासी आहेत आणि दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणातून पाठविलेल्या संकेताने त्यांनी मानवजातीला झोपेत ठेवले आहे.

वरवर पाहता ही स्वस्त साहसकथा आहे. नायकाची भूमिका रॉडी पायपर या व्यावसायिक कुस्तीगिराने केली आहे आणि निर्मितीखर्चही हॉलिवुडच्या मानाने किरकोळ आहे. तरीही विचारप्रणालीच्या चर्चेत या चित्रपटाचा उल्लेख वारंवार होतो. स्लावोय झिझेक यांनी २०१२ सालच्या ‘द पर्व्हर्ट्स गाइड टू आयडिऑलॉजी’ या माहितीपटात त्याचे केलेले विवेचन प्रसिद्ध आहे. दुसरीकडे, ज्यांना विचारप्रणाली-मीमांसेशी काही देणेघेणे नाही अशा कटवादी मंडळींनीही तो आपला मानला आहे. एकाच कृतीचे इतके परस्परविरोधी वाचन का संभवते, आणि त्यांपैकी एक वाचन विपर्यस्त आहे असे म्हणावयाचे तर कोणत्या निकषावर, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

चष्म्याच्या प्रसंगापासून आरंभ करणे सोयीचे ठरेल. नादा पहिल्यांदा चष्म्यातून पाहतो तो फलक एका संगणक कंपनीचा आहे. त्यावर पारदर्शक संगणनाचे आश्वासन दिलेले आहे. चष्म्यातून तेथे एकच शब्द दिसतो : ‘आज्ञा पाळ’. समुद्रकिनाऱ्यावर पहुडलेल्या स्त्रीचे चित्र असलेल्या पर्यटनाच्या फलकामागे ‘विवाह कर, प्रजोत्पादन कर’ असा आदेश निघतो. नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवर, दुकानांच्या पाट्यांवर, सर्वत्र हेच घडते.

संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे व्यंग्यार्थाचे वाच्यार्थात रूपांतर होते. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या आरंभीच वाच्य आणि व्यंग्य यांचा भेद स्पष्ट करताना असे उदाहरण घेतले आहे, की जेथे वाच्यार्थ विधिरूप आहे आणि व्यंग्यार्थ निषेधरूप. बोलणारी ‘खुशाल हिंड’ असे म्हणते आणि सुचविते ते ‘येऊ नकोस’. जाहिरातीची घडण याच जातीची, फक्त उलट्या दिशेची आहे. तिचा वाच्यार्थ आर्जवाचा, निमंत्रणाचा किंवा नुसत्या वर्णनाचा असतो. व्यंग्यार्थ आज्ञेचा असतो. काव्यातील ध्वनी सहृदयाला जागे करतो, जाहिरातीतील ध्वनी मात्र त्याच्या सहृदयतेचाच उपयोग करून त्याला झोपवितो. कार्पेंटर यांचा चष्मा म्हणजे रसिकाच्या दृष्टीचे उलटे टोक होय. तो ध्वनी ऐकवीत नाही, तो नष्ट करतो आणि फक्त विधी शिल्लक ठेवतो. रंग जाऊन कृष्णधवल प्रतिमा येते ती याच कारणाने. लावण्य गळून पडते आणि व्याकरण उरते.

झिझेक यांच्या मते या चित्रपटाने नेहमीची कल्पना उलटी केली आहे. विचारप्रणाली म्हणजे डोळ्यांवर चढविलेला चष्मा आणि तो उतरविला की सत्य दिसते, असे सामान्यतः मानले जाते. येथे उघडे डोळेच विचारप्रणालीने व्यापलेले आहेत आणि सत्य पाहण्यासाठी चष्मा चढवावा लागतो. हे निरीक्षण मार्मिक आहे यात शंका नाही. परंतु त्यातून पुढे येणारा एक प्रश्न अनुत्तरित राहतो. चष्म्यातून दिसणारी आज्ञा फलकाच्या मागे खरोखर ‘दडलेली’ असते काय?

रोलाँ बार्थ यांनी १९५७ सालच्या ‘मायथॉलॉजीज’मध्ये असे प्रतिपादन केले, की आधुनिक मिथक काहीही लपवीत नाही, ते विरूप करते. त्यातील सर्व काही डोळ्यांसमोर असते, फक्त इतिहासाला निसर्गाचे रूप दिलेले असते. आनंदवर्धनाचा दिव्याच्या ज्योतीचा दृष्टान्तही येथे आठवावा. ज्याला प्रकाश हवा तो ज्योतीची काळजी घेतो, त्याप्रमाणे ज्याला व्यंग्यार्थ हवा त्याला वाच्यार्थाचा आदर करावा लागतो. व्यंग्य वाच्याखाली पुरून ठेवलेले नसते, वाच्याच्याच उजेडात ते दिसते. याउलट ‘दे लिव्ह’मधील जाहिरात दोन थरांची आहे : वर रंगीत आवरण आणि खाली खरा मजकूर. हे प्रतिमान बार्थ यांच्यापेक्षा वेगळ्या परंपरेतून आले आहे.

ती परंपरा १९५७ सालचीच आहे, हे लक्षणीय आहे. त्या वर्षी व्हान्स पॅकर्ड यांचे ‘द हिडन पर्स्वेडर्स’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि जेम्स व्हिकरी या बाजारपेठ-संशोधकाने न्यू जर्सीतील एका चित्रपटगृहात क्षणार्धापुरती वाक्ये पडद्यावर उमटवून प्रेक्षकांकडून लाह्या आणि शीतपेये अधिक विकत घेवविल्याचा दावा केला. जाणिवेच्या उंबरठ्याखालून मनात आज्ञा घालता येते या कल्पनेने साऱ्या देशात भीती पसरली. पुढे १९६२ साली व्हिकरीनेच आपल्या दाव्यामागे भरीव पुरावा नव्हता अशी कबुली दिली. तरी ती कल्पना नाहीशी झाली नाही. तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य समजून घेतले पाहिजे. आपण खरेदी करतो ती कोणीतरी चोरून घातलेल्या आज्ञेमुळे, असे मानण्यात भीती आहे, पण त्याहून मोठा दिलासाही आहे. आज्ञा चोरून घातली गेली असेल तर ती पाळणाऱ्याचा दोष उरत नाही.

३

येथेच या चित्रपटाचा पेच उभा राहतो. चंगळवादावरील टीका आणि गुप्त कटावरील श्रद्धा यांचे बाह्य रूप सारखेच असते. दोन्ही म्हणतात : जे दिसते ते खरे नाही, त्यामागे कोणाचे तरी हितसंबंध आहेत. मग त्यांतील फरक कोठे शोधावयाचा?

चित्रपटाचा आधार असलेल्या कथेशी तुलना केल्यास या प्रश्नावर प्रकाश पडतो. रे नेल्सन यांची ‘एट ओक्लॉक इन द मॉर्निंग’ ही लघुकथा १९६३ साली प्रसिद्ध झाली. तीत जॉर्ज नादा संमोहनाच्या प्रयोगाच्या शेवटी चुकून ‘पुरता’ जागा होतो आणि त्याला माणसांवर राज्य करणारे परके जीव दिसू लागतात. हे जीव त्याला दूरध्वनीवरून बजावतात की उद्या सकाळी आठ वाजता तुझे हृदय बंद पडेल. नादा रात्रभर लढतो, दूरचित्रवाणी केंद्रात शिरतो, शहराला जागे करतो आणि बरोबर आठ वाजता हृदयविकाराने मरतो.

या शेवटातील विदारकता चित्रपटात उतरलेली नाही. आज्ञा ही आज्ञाच आहे हे कथेतील नादाला पूर्णपणे ठाऊक आहे, तरीही त्याचे शरीर ती पाळते. ज्ञान झाले म्हणून मुक्ती झाली असे तेथे होत नाही. लोकांना सत्य माहीत असते आणि तरीही ते पूर्वीसारखेच वागत राहतात, असे पेटर स्लोटरडाइक यांनी १९८३ साली सिनिकल विवेकाचे जे वर्णन केले, त्याची चाहूल या कथेत वीस वर्षे आधी लागते.

कार्पेंटर यांनी हा शेवट सोडला, पण त्याच्या बदल्यात दोन गोष्टी आणल्या. पहिली म्हणजे चष्मा. कथेत जागृती अपघाताने होते. चित्रपटात ती माणसांनी तयार केलेल्या वस्तूमुळे होते आणि ती वस्तू एका गटाने चर्चमागच्या कार्यशाळेत, पोलिसांची नजर चुकवून बनविलेली असते. दृष्टी ही सामूहिक श्रमाची निष्पत्ती ठरते. दुसरी म्हणजे मारामारी, आणि ती अधिक महत्त्वाची आहे.

नादाचा सहकारी फ्रँक हा कृष्णवर्णीय बांधकाम मजूर आहे. त्याचे कुटुंब डेट्रॉइटला आहे आणि पोटासाठी तो लॉस एंजेलिसला आला आहे. नादा त्याला चष्मा लावून पाहण्याचा आग्रह करतो, तो नकार देतो, आणि एका गल्लीत दोघांची सुमारे साडेपाच मिनिटे हाणामारी चालते. अनेक प्रेक्षकांना हा प्रसंग निरर्थक लांबविलेला वाटतो. झिझेक यांनी त्याचा अर्थ असा लावला, की स्वातंत्र्य दुःखदायक असते आणि माणसाला ते बळजबरीने द्यावे लागते. तथापि फ्रँकचा नकार अज्ञानातून आलेला नाही, ही बाब या अर्थनिर्णयनात सुटते. चित्रपटाच्या पूर्वार्धात व्यवस्थेविषयी कडवटपणे बोलणारा फ्रँकच आहे. पोलाद कंपन्यांना कामगारांनी सवलत दिली आणि कंपन्यांच्या चालकांनी स्वतःचेच पगार वाढविले, ही हकीकत तोच सांगतो. उलट नादा आशावादी आहे. नियम पाळणाऱ्याला अमेरिकेत कधीतरी संधी मिळते, अशी त्याची श्रद्धा आहे. म्हणजे ज्याला अन्याय आधीपासून कळलेला आहे तोच पाहण्याचे नाकारतो. त्याला बायकामुलांना पैसे पाठवावयाचे आहेत, आणि पाहिले की काहीतरी करावे लागेल, हे तो जाणतो. आल्थुसर यांच्या १९७० सालच्या निबंधातील व्यक्ती हाकेला वळून पाहते आणि त्या वळण्यातूनच व्यवस्थेची प्रजा बनते. फ्रँक दुसऱ्या हाकेला, वळून पाहण्याचे नाकारतो. नेल्सन यांच्या कथेतील आठ वाजताच्या मृत्यूत जे सांगितले गेले होते, ते चित्रपट या गल्लीत वेगळ्या रीतीने सांगतो. कळणे आणि पाहण्याची किंमत देणे यांत अंतर आहे. साडेपाच मिनिटे हे त्या अंतराचे माप आहे.

४

आपल्या साहित्यविचारात या प्रकारच्या रचनेला नाव आहे. अप्रस्तुताचे वर्णन करून प्रस्तुत सुचविणे म्हणजे अन्योक्ती. हंस, चातक, भ्रमर यांच्याविषयी बोलावे आणि रोख माणसावर असावा, ही तिची रीत. अन्योक्तीत प्रस्तुत सहसा अनुच्चारित राहते आणि वाचकाने ते ओळखावे अशी अपेक्षा असते. ‘दे लिव्ह’मध्ये परग्रहवासी हे अप्रस्तुत आणि भांडवली व्यवस्थेतील सत्ताधारी वर्ग हे प्रस्तुत होय.

परंतु कार्पेंटर यांनी या रीतीत एक महत्त्वाचा बदल केला आहे. त्यांनी प्रस्तुत आधी सांगून टाकले आहे. सुमारे पहिला अर्धा तास पडद्यावर एकही परग्रहवासी ओळखता येत नाही. रोजगार कचेरीतील थंड उत्तर, बेघरांच्या वसाहतीतील सामुदायिक स्वयंपाक, झोपडीबाहेर दूरचित्रवाणीकडे डोळे लावून बसलेली माणसे, आणि मग बुलडोझर व लाठ्या, हे सर्व निखळ वास्तववादी शैलीत येते. ते समजून घ्यावयाला चष्म्याची गरज नसते. चष्मा येतो तो या वास्तवाचे रहस्य उलगडण्यासाठी नव्हे, तर त्याला एक आकार देण्यासाठी. डार्को सुविन यांनी १९७९ साली विज्ञानकथेचे लक्षण बोधात्मक अपरिचितीकरण असे सांगितले. परिचित जग अपरिचित करावयाचे, पण ते त्याचा बोध व्हावा म्हणून. ‘दे लिव्ह’चा क्रम या लक्षणाला नेमका धरून आहे.

दुसरा पुरावा उत्तरार्धात मिळतो. प्रतिकार गटाच्या बैठकीत परग्रहवासीयांचे वर्णन मुक्त व्यापारवाले असे केले जाते. त्यांच्या दृष्टीने पृथ्वी हा आणखी एक विकसनशील ग्रह, त्यांचे तिसरे जग. त्यांच्या उद्योगामुळे हवेतील कर्बद्विप्राणिल वाढत असल्याचाही उल्लेख येतो. अमेरिकेने इतर देशांशी जसा व्यवहार केला तसाच व्यवहार कोणी अमेरिकेशी करू लागले तर काय, अशी ही कल्पना आहे. शत्रू बाहेरचा आहे, पण त्याची कार्यपद्धती पूर्णपणे घरची आहे.

तिसरा आणि निर्णायक पुरावा म्हणजे सहकार्य करणारी माणसे. भूमिगत मेजवानीत सूटबूट घातलेले मानव आपल्या वाढत्या उत्पन्नाचा आकडा ऐकून टाळ्या वाजवितात. तेथे नादा आणि फ्रँक यांना भेटतो तो बेघरांच्या वसाहतीतील जुना सोबती. कालपर्यंत तोही दूरचित्रवाणीसमोर कुरकुरत बसलेला होता. आज तो उंची पोशाखात, या दोघांनाही विकत घेतले गेले आहे अशा समजुतीने, त्यांना हौसेने सर्व यंत्रणा दाखवितो. त्याचा युक्तिवाद सोपा आहे : प्रत्येक जण रोज स्वतःला विकतच असतो, मग जिंकणाऱ्या बाजूला का विकू नये? या माणसाला कोणी संमोहित केलेले नाही. त्याला सर्व दिसते आहे. चष्म्याचा त्याच्यावर काहीही परिणाम होणार नाही, कारण लपविलेले त्याच्यासाठी काही उरलेलेच नाही. ‘दडलेल्या आज्ञे’चे प्रतिमान येथे चित्रपटच मोडीत काढतो. बार्थ यांचे म्हणणे मागच्या दाराने खरे ठरते : झाकलेले काहीच नाही, फक्त किंमत ठरलेली आहे.

५

विपर्यास होतो तो या तिन्ही पुराव्यांकडे दुर्लक्ष करून. कटवादी वाचन अप्रस्तुतालाच प्रस्तुत मानते. परग्रहवासी हे एका व्यवस्थेचे रूपक आहे हे विसरून त्यांच्या जागी एखादा खराखुरा जनसमूह बसविला जातो. नवनाझी मंडळींनी तेथे ज्यूंना बसविले आणि चित्रपट ज्यूंच्या तथाकथित जागतिक नियंत्रणाविषयी आहे असा प्रचार केला. जानेवारी २०१७ मध्ये कार्पेंटर यांना ट्विटरवरून जाहीर खुलासा करावा लागला, की आपला चित्रपट चंगळवादी तरुण व्यावसायिकांविषयी आणि अनिर्बंध भांडवलशाहीविषयी आहे. ज्यूंच्या नियंत्रणाचा अर्थ लावणे ही बदनामी आणि असत्य आहे.

दिग्दर्शकाच्या खुलाशाने अर्थनिर्णयनाचा प्रश्न सुटतो असे मात्र म्हणता येत नाही. लेखकाचा हेतू हे अर्थाचे अंतिम प्रमाण नव्हे, हे समीक्षेने केव्हाच मान्य केले आहे. विपर्यास हा विपर्यास आहे तो दिग्दर्शक तसे म्हणतो म्हणून नव्हे, तर तो कृतीचा अर्धा भाग गाळल्याशिवाय करताच येत नाही म्हणून. वसाहतीचा अर्धा तास, तिसऱ्या जगाचा उल्लेख आणि मेजवानीतील माणसे वगळली, तरच उरलेल्या चित्रपटातून वंशद्वेष निघतो.

तथापि समीक्षेने प्रामाणिक राहून हेही नोंदविले पाहिजे, की विपर्यासाला लागणारी सामग्री कृतीनेच पुरविली आहे. शोषक वर्ग हा आर्थिक संबंधांतून निर्माण होतो. त्याला जन्मजात शरीर नसते. चित्रपटाने त्याला जन्मजात शरीर दिले, ओळखू येणारा विद्रूप चेहरा दिला. तो चेहरा दिसताच नादा बंदूक घेऊन बँकेत शिरतो आणि गोळीबार सुरू करतो. प्रेक्षकाला त्यात गंमत वाटते, कारण मरणारे मनुष्य नाहीत. शत्रूला मानवजातीबाहेर ढकलून मग त्याची हत्या निर्दोष ठरविणे ही युक्ती विज्ञानपटाच्या साहसप्रकारात रूढच आहे. परंतु हीच युक्ती वंशद्वेषी राजकारणाचीही आहे. अप्रस्तुताची निवड कधीच निरुपद्रवी नसते, हा अन्योक्तीच्या मीमांसेला या चित्रपटाने दिलेला धडा होय.

हॉली या स्त्रीपात्राबाबत अशीच मर्यादा दिसते. ‘विवाह कर, प्रजोत्पादन कर’ ही आज्ञा उघडी पाडणाऱ्या चित्रपटाला स्त्रीसाठी विश्वासघातकी मोहिनीखेरीज दुसरी भूमिका सुचत नाही. हॉली मानव आहे आणि शत्रूला सामील आहे. पण जुन्या सोबत्याला आपल्या वागण्याचे कारण सांगण्याची जी संधी मिळते, ती तिला मिळत नाही. पुरुषाच्या विक्रीला चित्रपट आर्थिक कारण देतो. स्त्रीच्या विक्रीला कारणाची गरजच नाही असे मानतो. स्त्रीप्रतिमेविषयीची ही आज्ञा चष्म्यातूनही दिसलेली नाही.

६

शेवटी नादा प्रक्षेपणाची तबकडी उद्ध्वस्त करतो आणि मारला जातो. संकेत थांबतो व परग्रहवासी सर्वांना दिसू लागतात. त्यांत दूरचित्रवाणीवरून कार्पेंटर आणि रोमेरो यांच्यासारख्या दिग्दर्शकांच्या हिंसक चित्रपटांचा निषेध करणारा एक समीक्षकही आहे. हा विनोद दिग्दर्शकाने स्वतःवर आणि समीक्षेवर एकाच वेळी केला आहे. मात्र लोक जागे झाल्यावर पुढे काय करतील हे सांगण्यापूर्वीच चित्रपट संपतो. त्या मौनात त्याची प्रामाणिकता आहे, कारण फ्रँक आणि जुना सोबती यांच्या प्रसंगांनंतर ‘दिसले म्हणजे सुटलो’ असे म्हणण्याचा अधिकार त्याला राहिलेला नाही.

पुढचा इतिहासही याला साक्ष आहे. चष्म्यातून दिसणारा ‘आज्ञा पाळ’ हा शब्द शेपर्ड फेअरी या चित्रकाराने आपल्या भित्तिपत्रकांसाठी घेतला आणि २००१ पासून तो एका वस्त्रप्रकाराची नाममुद्रा बनला. आज्ञा उघड झाली, तिच्यातील उपरोधही सर्वांना कळला, आणि ती अंगावर घालण्यासाठी विकत घेतली जाऊ लागली. याला दिग्दर्शकाचा किंवा चित्रकाराचा पराभव मानण्याचे कारण नाही. आज्ञेचे सामर्थ्य तिच्या लपण्यात नव्हते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

विचारप्रणालीची मीमांसा आणि कटावरील श्रद्धा यांतील भेदाचा निकष यावरून मांडता येतो. कटवादी वाचनात पाहणारा नेहमी निष्पाप असतो. दोष चष्म्यातून दिसणाऱ्याचा असतो. मीमांसेत पाहणाऱ्याला स्वतःचाही हिशेब द्यावा लागतो. ‘दे लिव्ह’मध्ये दोन्ही शक्यता आहेत. बँकेतील गोळीबार पहिल्या शक्यतेचा आहे, तर गल्लीतील हाणामारी आणि मेजवानीतील संभाषण दुसरीचे. या चित्रपटाचे वाचन करणाऱ्याने यांपैकी कोणत्या प्रसंगाला केंद्र मानले, यावर त्याच्या वाचनाची पारख करता येईल.